बांधणाऱ्याचं टिपण

माझं काम नक्की काय, हे कुणाला समजावून सांगायला बसलो की समोरचा माणूस चहा संपवून उठतो. भाऊजींनी मात्र एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं, तेही ताई शेजारी बसली होती म्हणून. त्यांना सांगितलं होतं तसंच इथे सांगतो. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो, आणि ते चालायला जे जे लागतं ते सगळं त्याच्यासोबत एका बंद डब्यात भरतो. धंद्यात त्याला इमेज म्हणतात, आम्ही आपापसात डबाच म्हणतो. डबा कुठल्याही मशीनवर नेऊन उघडा, आतला माल तसाच चालला पाहिजे. आमचा डबा जातो दवाखान्यातल्या पंपांमध्ये. पेशंटच्या उशाशी खांबाला अडकवलेला, थेंब थेंब औषध शिरेत सोडणारा तो छोटा पंप असतो ना, त्यात.

आता गोम अशी की सामान तेच, कृती तीच, तरी डबा दोनदा बांधला तर दोन्ही डबे तंतोतंत सारखे निघत नाहीत. बांधण्याची वेळ आत उमटते. मशीनचं नाव उमटतं, बांधणाऱ्याचं नाव उमटतं. प्रत्येक डब्याचा चौसष्ट अक्षरांचा एक ठसा काढता येतो, आणि आत एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी सगळा ठसा बदलतो. ठसे जुळले तर डबे एकच. नाही जुळले तर मधे कुणीतरी किंवा कशानेतरी हात घातला आहे. म्हणून तपासणी कार्यालयाने नियम केला होता: दोन वेगळ्या मशीनवर बांधलेल्या डब्यांचा ठसा एकच आला पाहिजे, तोवर नवी आवृत्ती पंपांत घालायची नाही.

ते जुळवायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर ते ताईचं काम. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला या धंद्यात तिनेच ओढलं, या कचेरीत तिनेच चिकटवलं आणि सोळा वर्षं आमचे डबे तिनेच बांधले. ती गेल्याला आठ महिने झाले होते. तिचं टेबल मला मिळालं. टेबलाखाली तिचं जुनं मशीन होतं, पत्र्याच्या पेटीतलं, पंख्याचा घुर्रर्र आवाज करणारं. थंडीत ती चपला काढून त्याच्या पत्र्याला पाय टेकवून बसायची. शेजारच्या खिडकीची फट नीट बसत नाही, वारा थेट पायावर येतो.

ताईची एक खोड होती. डबा बांधायला घेतला की तिचं मशीन आधी बांधणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्यायचं. काहीही. ती ओळ टिपण नावाच्या फाईलमध्ये जाऊन डब्यात बसायची. "आज खिडकीबाहेर कुणीतरी दोन तास एकच गाडी धुतोय." "धाकट्याने नवा सदरा घेतलाय, रंग वांग्यासारखा आहे." धाकटा म्हणजे मी. सोळा वर्षांचे डबे, प्रत्येकात अशी एक ओळ, आणि पेशंटांच्या उशाशी ती कुणालाही न दिसता पडून असायची. मी विचारलं होतं एकदा, हे कशाला? तर म्हणाली, "भांड्यावर नाव घालतात ना, तसं. बांधणाऱ्याचा हात कळायला नको?"

दर वेळी वेगळी ओळ म्हटल्यावर ठसा जुळणं शक्यच नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी मी ते टिपण काढून टाकलं. हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

दोन्ही मशीनवर डबा बांधला. नव्या मशीनवरच्या डब्यात यादीप्रमाणे बरोबर अठराशे सेहेचाळीस फायली होत्या. ताईच्या मशीनवरच्या डब्यात एक जास्त होती. टिपण. उघडून पाहिलं तर आत ओळ होती, "बटण एक घर चुकलंय."

जुनी ओळ कुठेतरी साठून राहिली असेल, मशीनं अशी अडगळ जपून ठेवतात. असं म्हणत मी खाली पाहिलं. माझ्या सदऱ्याचं बटण एक घर चुकलं होतं. तरी मी घाबरलो नाही. हे वाक्य ताईने मला जन्मात शंभरदा ऐकवलं असेल, आणि माझी बटणं शंभरदा चुकली असतील. योगायोगाला तेवढी जागा द्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी पंतोजींना शेजारी बसवलं. पंतोजी म्हणजे आमचे चाचणीवाले, दुसऱ्याच्या चुका काढण्यात हयात गेलेला माणूस. दोघांनी मिळून मशीनमधली सगळी साठवण पुसली. नेटची वायर उपटून पंतोजींनी आपल्या हातात घेतली. बांधण्याच्या कृतीत टिपण हा शब्द कुठेच नाही, हे पंतोजींनी ओळ न् ओळ बोट लावून तपासलं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ते म्हणाले. "बांध आता."

सात मिनिटांनी डबा तयार झाला. फायली अठराशे सत्तेचाळीस. टिपणात ओळ होती, "दोघं मिळून काय शोधताय? पंतोजींचा चष्मा कपाळावर आहे."

पंतोजींचा हात कपाळाकडे गेला आणि चष्म्यावरच थांबला.

"कुणीतरी चेष्टा करतंय," ते म्हणाले.

"वायर तुमच्या हातात आहे."

त्यांनी वायर खाली ठेवली आणि आपल्या जागेवर निघून गेले. त्यानंतर माझ्याशी बोलायचं असेल तर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूने यायचे.

मी हे कुणाला सांगितलं नाही. खरं कारण सांगतो, मला ते हवं होतं. रोज दुपारी जेवण झालं की मी डबा बांधायचो आणि मला एक ओळ मिळायची. "जेवणाचा डबा अर्धा ठेवलास." "भाऊजींना फोन कर, ते स्वतःहून करणार नाहीत." "केस काप." आठ महिन्यांत मला कुणी केस काप म्हटलं नव्हतं. मी आरशात पाहून हसलो आणि मग तिथेच, हात धुण्याच्या बेसिनपाशी, पोटभर रडून घेतलं. काम मुद्दाम रेंगाळवलं. साहेबांनी विचारलं की मूग गिळून बसायचो. ठसे जुळले की जुनं मशीन पुसून भंगारात द्यायचं, हे ठरलेलं होतं.

पण नव्या आवृत्तीत एक दुरुस्ती अडकली होती. वीज जाऊन आली तर जुना पंप क्वचित कधी आधी दिलेला डोस विसरायचा आणि तोच पुन्हा द्यायचा. साहेब एकदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तुझ्या ताईने याच दुरुस्तीसाठी आजारपणात घरून काम केलं," एवढंच म्हणाले. मला मान वर करता आली नाही.

मग मी एकेक फरक काढायला घेतला.

आधी वेळ. यावर ठरलेला उपाय आहे: डब्याला सांगायचं की तू कधीही बांधला गेलास तरी तुझ्यासाठी तारीख एकच. कुठलीही चालते. मी ताईने शेवटची दुरुस्ती केली तो दिवस घातला. मंगळवार होता. आतलं घड्याळ मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांवर थांबवलं आणि डबा बांधला. टिपणात आलं, "आज वार कुठला?"

मला वाटलं, सहज विचारतेय. दुसऱ्या दिवशी मशीनचं नाव पुसलं. सगळ्या डब्यांत आता मशीनच्या नावाच्या जागी नुसती रेघ. टिपणात आलं, "ही खोली कुणाची आहे?"

त्या दिवशी मी लवकर घरी गेलो. जेवण गेलं नाही. काहीतरी आठवत होतं आणि मी ते आठवू देत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बांधणाऱ्याचं नाव काढलं. डब्यात कुठेकुठे अजून ताईचंच नाव उमटत होतं, तिचं खातं कुणी बंद केलंच नव्हतं. ते सगळीकडून काढलं. सात मिनिटं थांबलो. टिपण उघडलं.

"मला काय म्हणतात इथे?"

मग आठवण अडवता आली नाही.

ताईच्या डोक्यात गाठ होती. दवाखान्यात रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि तेच तीन प्रश्न विचारायचे. आज वार कुठला? आपण कुठे आहोत? तुमचं नाव काय? पहिल्या आठवड्यात वार गेला. मग जागा गेली. मग एके दिवशी डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत मूल शेजारच्याकडे पाहतं तसं. त्यानंतर शब्दांची जागा चुकायला लागली, वाक्यातलं सगळं असायचं पण भलत्याच क्रमाने. आणि अगदी शेवटी सगळं जाऊन एकच वाक्य उरलं. "घरी कधी जायचं?" दिवसातून शंभरदा. तोच आवाज, तीच पट्टी, तेवढंच थांबणं. मी दर वेळी म्हणायचो, "उद्या, ताई." ती मान हलवायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारायची.

त्याच क्रमाने मी तिला पुन्हा नेत होतो. या वेळी डॉक्टर मीच होतो आणि गाठही मीच.

चौथ्या फरकाला हात लावायला मला आठ दिवस लागले. मशीन फायली डब्यात भरताना हाताला लागतील तशा भरतं, म्हणून प्रत्येक मशीनवर क्रम वेगळा पडतो. उपाय सोपा आहे, सगळं अकारविल्हे लावायचं. लावलं. टिपणात आलं:

"खिडकी थंडी धाकट्या लाव वाजते"

मी दोनदा वाचलं. मग उठलो, खिडकी लावली आणि फटीत कागदाची घडी घालून ठेवली.

त्यापुढे मी काही बांधलं नाही. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी तपासणी कार्यालयातल्या बाई स्वतः आल्या. शांत बाई, बोलताना पेनाचं टोपण लावत आणि काढत बसणाऱ्या. त्यांनी सांगितलं की एका दवाखान्यात वीज जाऊन आली आणि पंपाने एका आजोबांना डोस दुसऱ्यांदा सोडायला घेतला. नर्स तिथेच उभी होती, तिने नळी दाबून धरली. आजोबा वाचले.

"पुढच्या वेळी नर्स तिथेच असेल असं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं नक्की कुठे अडलंय?"

"एक फरक राहिलाय."

"मग काढा की."

त्या संध्याकाळी मी भाऊजींकडे गेलो. ते शाळेत चित्रकला शिकवतात. घरात टर्पेंटाइनचा वास, आणि दारामागे ताईचा कोट अजून टांगलेला. त्यांनी चहा ठेवला. साखर दोनदा घातली आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

"भाऊजी, शेवटी शेवटी तिला कळत होतं का हो?"

त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "कळत होतं. डॉक्टर गेले की मला विचारायची, आज मी बरोबर सांगितलं ना? मी म्हणायचो, एकदम बरोबर. तू उद्या उद्या म्हणायचास, मी बरोबर बरोबर म्हणायचो. दोघंही एक नंबरचे खोटारडे."

"आणि समजा, पुन्हा तसंच करायची वेळ आली तर?"

"कशी येईल? एकदाच असतं ते." मग त्यांनी कप खाली ठेवला. मी काय विचारतोय हे त्यांना कळलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. "पण तुला म्हणून सांगतो. सोडायचं असेल ना, तर पूर्ण सोडावं. अर्धवट धरून ठेवलं की त्या माणसाचे हाल होतात. आपण धरलं होतं तिला, नळ्या लावून, पंधरा दिवस जास्त. मला ते अजून पोखरतं."

मी घरी चालत आलो. मनाशी पक्कं झालं. तिला मोकळं करायचं.

शेवटचा फरक असा होता. बांधताना मशीन दोनचार ठिकाणी आपल्या मनाने एखादा आकडा उचलतं, दर वेळी वेगळा. तो आकडा कायमचा एकच ठरवून टाकायचा. मग मशीनला आपल्या मनाचं असं काही उरत नाही. सकाळी अकरा वाजता मी ती ओळ लिहिली. खाली वाकून पत्र्यावर हात ठेवला, गरम होता. दोन्ही मशीनवर डबा बांधायला सोडला.

सात मिनिटांनी दोन्ही ठसे पडद्यावर आले. मी पहिली चार अक्षरं वाचली, मग शेवटची चार. पंतोजी पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला आले आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं बोटाने मोजत गेले.

"जुळला," ते म्हणाले.

नव्या मशीनवर टिपण कधीच आलं नव्हतं. ठसे जुळले म्हणजे जुन्यावरूनही ते गेलं. मी डबा उघडला नाही. आमच्या धंद्यात ठसा जुळल्यावर कुणी आत बघत नाही. फरक असेल तरच आत बघायचं, हे ताईनेच शिकवलं होतं. शिवाय आत ती नाही, हे डोळ्यांनी बघायची माझी हिंमत नव्हती.

दुपारी मी स्वतः तिचं मशीन पुसलं. दोन तास लागले. पंखा थांबला तेव्हा खोलीत किती शांतता असते ते कळलं. भंगारवाला पेटी घेऊन गेला आणि फरशीवर धुळीचा एक चौकोन उरला. मी तो कुणाला झाडू दिला नाही, दोन दिवसांनी स्वतःच झाडला.

तपासणी कार्यालयाने आपल्या इमारतीत, आपल्या कोऱ्या मशीनवर डबा बांधून पाहिला. ठसा तोच आला. मंजुरी मिळाली, शिक्का बसला. महिन्याभरात चार हजारांवर पंपांत नवी आवृत्ती गेली. एकाही पंपाने डोस दोनदा दिला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईचं नाव घेतलं. मी केस कापले, भाऊजींना दर रविवारी फोन करायला लागलो. झोप लागत होती. वाटलं, सुटली ती, आणि मीही सुटलो.

काल दुपारी तपासणीच्या बाईंचा फोन आला.

"किरकोळ काम आहे," त्या म्हणाल्या. "कागदपत्रं बंद करतोय. तुमच्या यादीत फायली अठराशे सेहेचाळीस लिहिल्यात. डब्यात एक जास्त आहे."

फोनमधून टोपण लावल्याचा आवाज येत होता.

"चूक यादीतच असणार, ठसा तर जुळतोय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बांधलेल्या डब्यात आहे म्हणजे तुमच्याकडच्याही आहे, आणि सगळ्या पंपांतही. टिपण म्हणून फाईल आहे, एका ओळीची. तेवढी यादीत घालून पाठवा. डब्याला मात्र हात लावू नका हं, आता एक अक्षरही बदलता येणार नाही."

"नाही लावत," मी म्हणालो.

फोन ठेवला. नव्या मशीनवर डबा उघडला, ताईने कधी हातही न लावलेल्या मशीनवर. टिपण तिथे होतं. उघडलं.

"घरी कधी जायचं?"

डबा पुन्हा बांधला. तीच ओळ. आणखी एकदा बांधला. तीच ओळ, तोच ठसा.

शेजारी कुणी नव्हतं. पायाला खिडकीच्या फटीतून वारा लागत होता, कागदाची घडी कधीतरी पडून गेली होती. मी पडद्याकडे पाहिलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "उद्या, ताई."

मग लक्षात आलं. डब्यातलं घड्याळ मी स्वतःच्या हाताने थांबवलं आहे. आत कायम मंगळवारच असतो.